नियमपत्रक नीट वाचा, मग पैसे भरा : शाळकरी खेळाडूंच्या प्रशिक्षण वर्गाचा वर्षभराचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावी सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी खो-खो, कबड्डी आणि धावण्याचा संध्याकाळचा प्रशिक्षण वर्ग चालतो. माझी सातवीतली मुलगी आणि आठवीतला पुतण्या तिथे जाऊ लागल्याला या महिन्यात एक वर्ष पूर्ण झाले. वर्ग यवतमाळ जिल्ह्यातला आहे एवढेच सांगतो. त्याहून अधिक ओळख देणार नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, आणि ज्यांना कळायचे त्यांना ते तसेही कळेलच. फी महिन्याला २५० रुपये, तीही तीन महिन्यांची एकदम. वेळ सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसात आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर मी साडेतीन देईन. उरलेला दीड गुण शिकवण्यात गेलेला नाही, तो एका कागदात गेला आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या कागदाचेच आहे.

असा वर्ग लागतोच कशाला, असे आमचे काही नातेवाईक विचारतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही, कारण खेळ शाळेनेच शिकवावा ही अपेक्षा रास्त आहे. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची पाहिली तर सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक जिथे पट १०० च्या वर आहे तिथेच सांगितलेला आहे, आणि आमच्या भागात हे तिन्ही वर्ग मिळूनही पट शंभराला टेकत नाही अशा शाळा मला बसल्या जागी मोजता येतील. अशा ठिकाणी खेळाचा तास म्हणजे गणिताच्या सरांच्या गळ्यातली शिट्टी आणि कपाटातल्या चार रिंगा. शालेय क्रीडा स्पर्धा मात्र सगळ्यांसाठी सारख्याच असतात : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी चढण, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आमच्या मुलांचा संबंध येतो तो यांतल्या पहिल्या गटाशी, आणि त्याची पहिली पायरी चढायलाच कोणीतरी हात धरणारा लागतो.

वर्ग चालवणारे सर अमरावतीहून बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, घेऊन आलेले आहेत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती, ही हकिगत ते पहिल्याच पालकसभेत मोठ्या अभिमानाने सांगतात; दरवर्षी सांगतात, असे जुने पालक म्हणतात. शिकवणे उत्तम आहे. खो-खोत बसायचे कसे, खो मिळाल्यावर पहिले पाऊल कोणते पडले पाहिजे, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही म्हणून उठण्याआधीच नजर कुठे हवी, हे सर इतक्या बारकाईने घोटून घेतात की पहिल्या महिन्यात मुलीने घरी अंगणात पाट मांडून आजीलाच खो द्यायला सुरुवात केली होती. शिकवण्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आता कागद. मी एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहे; दिवसभर पावत्या, काटापट्ट्या आणि करार हाताखालून जातात, त्यामुळे सही करण्याआधी कागद दोनदा वाचायची सवय हाडीमाशी खिळली आहे. प्रवेशाच्या दिवशी ‘नियम व अपेक्षा’ असे शीर्षक असलेले पाठपोट छापलेले पान हातात दिले गेले. सतरा कलमे, खाली विद्यार्थ्याची सही आणि पालकाची सही. इतर पालकांनी उभ्या उभ्या सही ठोकली. मी बाकावर बसून वाचत राहिलो, तेव्हा सरांनी थोडे चमकूनच पाहिले. वर्ग ज्या मंडळाचा आहे त्याच्याकडून कोणाची सही का नाही, हा प्रश्न मला त्याच वेळी पडला होता. तो मी विचारला नाही, ही माझी चूक.

सतरातले सर्वांत चांगले कलम चौथे. ‘गैरहजर राहायचे असल्यास विद्यार्थ्याने स्वतः आधी कळवावे, पालकांचा निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.’ वाचताना ते मला उद्धट वाटले होते. बारा वर्षांच्या पोरीने सरांना फोन करायचा आणि आम्ही काय नुसते उभे राहायचे? मग भाद्रपदात आईची तब्येत बिघडली. सरांना कळवावे म्हणून मी सवयीने फोन हातात घेतला, तर मुलीने तो ओढूनच घेतला. “बाबा, तुम्ही नोका लावू. मलेच सांगा लागते.” मग कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, ती पाठ केल्यासारखे बोलली : “सर, मी उद्या येत नाही. आजीले यवतमाळले दवाखान्यात न्याचं हाये, मी संग जातो.” पलीकडून काय विचारले गेले ते ऐकू आले नाही, “हो सर, परवा नक्की,” एवढे म्हणून तिने फोन परत दिला, आणि तळहाताला आलेला घाम फ्रॉकला पुसला. पाहुणे आले की माजघरात पळणारी ही मुलगी वर्षभरात असे सात-आठ फोन करून बसली आहे, आणि आता भिंतीकडे तोंड करत नाही.

अभ्यासाबद्दलची तीन कलमे आहेत. त्या दिवशी शाळेत गैरहजर असेल त्याला संध्याकाळी मैदानावर प्रवेश नाही, हे सरळ आहे आणि ते कोणासाठी वाकवलेले मी पाहिलेले नाही. गृहपाठ राहिला असेल तर पहिला अर्धा तास मैदानाच्या पडवीत बसून तो पुरा करायचा आणि मग खेळात यायचे. तिथे एक ताई बसतात. त्या उत्तरे सांगत नाहीत, नुसत्या बसतात. गुण घसरले म्हणून खेळ बंद, असा नियम मात्र पत्रकात नाही, आणि पालकसभेत काहींनी तो घालण्याचा आग्रह धरला तेव्हा सरांनी तो मानला नाही. मला त्यांचे पटले. आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळच्या कबड्डीला जाता यावे एवढ्याच लालसेने सकाळी शाळेत जातो. त्याच्याकडून मैदान काढून घेतले तर शाळाही आपोआप सुटेल, आणि गुण तर जागचे हलणार नाहीतच. आठवीला ‘एनएमएमएस’ ही शिष्यवृत्तीची परीक्षा येते, म्हणून त्या काळात आठवड्यातले दोन दिवस सुटी मागता येते. ती मागण्याचा फोनही अर्थातच मुलांनीच करायचा.

सातव्या कलमावरून मात्र आमच्या घरी आणि शाळेतही बरेच बोलणे झाले. ‘गडी बाद झाल्याचे पंचांच्या लक्षात आले नसले तरी स्पर्श झालेल्या खेळाडूने स्वतः हात वर करावा.’ वाचायला सोज्वळ आहे. आता याला जोडून एक अडचण समजून घ्या : शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेच्या नावावर होतो, वर्गाच्या नावावर नाही. त्यामुळे वर्षभर एकत्र सराव करणारी मुले तालुक्याच्या स्पर्धेत वेगवेगळ्या जर्सी घालून एकमेकांसमोर उभी राहतात. यंदा मुलींच्या खो-खोच्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांत मिळून आमच्या वर्गाच्या सहा मुली होत्या. शेवटची पाळी चालू होती. मुलगी खुंटाला वळसा घालताना मागून येणाऱ्या मुलीची बोटे तिच्या वेणीच्या रिबिनीला लागली. पंच दुसऱ्या बाजूला होते, त्यांना दिसले नाही. प्रेक्षकांतही फार तर दोघातिघांना दिसले असेल. मुलीने हात वर केला आणि ती मैदानाबाहेर जाऊन बसली. शाळा एका गुणाने हरली.

परतीच्या टेम्पोत शाळेच्या सरांनी तिला ऐकवले की, एवढे खरे बोलायची काही गरज नव्हती, पंच कशासाठी असतात? मी दुसऱ्या दिवशी वर्गाच्या सरांना विचारले. ते म्हणाले की, ते कलम सरावापुरते आहे. सामन्यात पंचांचा निर्णय अंतिम असतो आणि तो मुलांनी निमूट मानावा, मग तो आपल्या बाजूचा असो की विरुद्ध. मी म्हटले, सर, हे ‘सरावापुरते’ कागदावर कुठे आहे? त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नव्हतेच. रिबिनीला हात लागला ती आणि जिचा हात लागला ती, अशा दोघी त्या वेळी पलीकडे खुंटावर सूर मारण्याचा सराव जोडीने करत होत्या, आणि त्यांना आमच्या या चर्चेचे काडीचे सोयरसुतक नव्हते. मुलीचे चुकले असे मी घरी म्हटले नाही. शाळेच्या सरांचे चुकले असेही म्हटले नाही, कारण त्यांना संघातल्या बाकीच्या मुलींची रडणारी तोंडे पाहत दहा किलोमीटर बसायचे होते.

आता सर्वांत गंभीर तक्रार. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, आणि ती असावीच, नाही तर किरकोळ पोरांच्या अंगावर धिप्पाड पोरे पडतील. माझा पुतण्या त्या मर्यादेच्या अगदी काठावर होता. हे वयच असे की, मुलगा दिवाळीला जी पँट घालतो ती संक्रांतीला घोट्याच्या वर जाते. वजन महिन्या-महिन्याने वाढणारच. स्पर्धेच्या दोन दिवस आधी सकाळी सहाच्या सुमारास तो सायकल मारत जिनिंगवर आला. मी नुकता दप्तर उघडून बसलो होतो. सरकीची पोती तोलायचा काटा चालू करून द्या म्हणाला. दुसरे काही विचारण्याआधीच तो चपला काढून, शर्ट काढून काट्यावर चढला. “काकाजी, किती भरलो?” आकडा ऐकून त्याचा चेहरा पडला, मग तो खाली उतरला, बाजूला जाऊन थुंकला, परत आला, पुन्हा चढला. तो थुंकून वजन कमी करायला पाहत होता. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. आदल्या रात्रीची भाकर त्याने गोठ्यात गाईला घातली होती आणि दुपारपासून पाणीही घोटभरच घेतले होते, हे त्याने बऱ्याच वेळाने सांगितले. कोणी सांगितले असे करायला, तर सरांच्या हाताखालच्या एका तरुण प्रशिक्षकाने : “दोन दिवस मार खेच, मग खा लागेल तेवढं.”

मी त्याला तिथेच बसवून कॅन्टीनमधून चहा-बिस्किटे आणली आणि पाणी पाजले. स्पर्धेत तो वजनात बसला नाही. मला त्याचे दुःख नाही. त्याला होते, आणि तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. वर्गात जाऊन मी जे बोललो ते सौम्य नव्हते. सरांना यातले काही ठाऊक नव्हते असे ते म्हणाले आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या तरुणाला त्यांनी आमच्यासमोर विचारले तेव्हा, आम्हीही असेच खेळलो, असे त्याचे उत्तर होते. ते खरेही असेल. पण सतरा कलमांत मुलांनी नखे कापावीत हेसुद्धा लिहिलेले आहे, आणि उपाशी ठेवून वजन उतरवले जाणार नाही हे एका ओळीने लिहिलेले नव्हते. वाढत्या अंगाच्या पोराचे पाणी तोडणे हा खेळ नव्हे. काठावरच्या मुलाची नोंद त्या वजनात करण्याचा अट्टहास सोडून त्याला खो-खोत किंवा धावण्यात उतरवता येते, एवढे तारतम्य मोठ्यांनीच दाखवायचे असते.

दुसरी मोठी तक्रार हजेरीची. मंडळाचा स्वतःचा संघ किशोर-किशोरी गटाच्या स्पर्धांना जातो, आणि त्या निवडीसाठी आधीच्या दोन महिन्यांत ८० टक्के हजेरी लागते, असे नववे कलम सांगते. निवड कोणत्या महिन्यात? नोव्हेंबरात. म्हणजे आधीचे दोन महिने सोयाबीनच्या सोंगणीचे आणि कापसाच्या पहिल्या वेच्याचे. हे कलम लिहिणारा माणूस काळ्या मातीतला असून त्याला हे सुचू नये याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे चार एकर आहे, त्यामुळे मुलीला फार तर रविवारी कापूस वेचायला ओटी बांधावी लागते. पण तिच्या बरोबरीच्या तिघी अशा आहेत की आई वेचणीच्या मजुरीला गेली की लहान भाऊ त्यांच्या कडेवर येतो. त्यांतल्या एकीचे पळणे पाहून सर स्वतः थांबत असत. हजेरी ६८ टक्के भरली, निवड झाली नाही. पोरीने फोन करून दरवेळी आधी कळवले होते, म्हणजे चौथे कलम तिने पाळले, तरी नवव्याने तिला गाळले. आधी कळवलेली, सबळ कारणाची गैरहजेरी वेगळी मोजायला काय हरकत आहे? आमच्या जिनिंगमध्ये रोजंदारीवर येणाऱ्या माणसाचा खाडासुद्धा कारण पाहून लावतात.

एसटीचेही तसेच. पाचवीपुढच्या मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे आमच्या गावाहून नऊ किलोमीटर जाणे-येणे फुकट होते. पण आमच्या मार्गावरची शेवटची गाडी सहा चाळीसला सुटते आणि वर्ग पावणेसातला. नोव्हेंबर-डिसेंबरात तर सहा वाजता मैदानावर चेंडू दिसत नाही इतका अंधार असतो. पहिले दोन महिने मुली शेवटची दहा मिनिटे शिट्टीची वाट पाहत, दप्तर खांद्याला लावून, एक पाय मैदानात आणि एक रस्त्यावर अशा उभ्या असत. पालकांनी मिळून सांगितल्यावर गाडीच्या मुलींना सव्वासहाला सोडण्याची तोंडी व्यवस्था झाली आहे. तोंडी, कागदावर अजून नाही.

मुलींच्या सुरक्षिततेची कलमे मात्र नीट आहेत, आणि ती पाळलीही जातात, हे मुद्दाम नोंदवतो, कारण याच कारणाने अनेक घरांत मुलींचे खेळणे सहावीनंतर थांबते. मुली मैदानावर असतील तेव्हा ताई हजर असतातच. त्या रजेवर असतील त्या दिवशी मुलींचा सराव होत नाही. प्रशिक्षकाने कोणत्याही मुलाला किंवा मुलीला वैयक्तिक संदेश पाठवायचा नाही, जे काही असेल ते पालकांच्या गटावर. बाहेरगावी स्पर्धेला जाताना मुलींच्या खोलीत ताई आणि दोन माता. पडवीच्या भिंतीवर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक रंगवलेला आहे, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यातली मुलांना समजेल अशी माहिती ताई दर सत्राच्या सुरुवातीला मुलामुलींना वेगवेगळे बसवून सांगतात. पाळीच्या दिवसांत खेळायचे की बसायचे हे मुलीने ठरवायचे, ताईंना सांगायचे, कारण कोणी विचारायचे नाही, हेही कागदावर आहे. माझ्या बायकोने सही करताना नेमके याच ओळीवर बोट ठेवले होते. मारहाण आणि अपमान यांना पूर्ण बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत ती आहेच, पण मैदानावर कानाखाली वाजवणे म्हणजे शिस्त, असे मानणाऱ्या पिढीतले आम्ही. म्हणून ती लिहिलेली बरी.

उन्हाळ्याबद्दल थोडे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, शाळाही म्हणूनच उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळी शिबिर सकाळी सहा ते साडेसात एवढेच असते आणि दर वीस मिनिटांनी पाण्याची शिट्टी होते. तहान असो नसो, प्रत्येकाने माठाशी जायचे. एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलांना तोंडपाठ आहे. गरगरले तर लगेच हात वर करून सावलीत बसावे, त्याबद्दल कोणी हसणार नाही, असे कलम आहे. हसतात, पण थोडे. खिशात कांदा ठेवून येणाऱ्या मुलांना सर काही म्हणत नाहीत. कांदाही राहू द्या आणि पाणीही प्या, असे त्यांचे धोरण आहे.

दुखापतीच्या कलमाने आमच्या घरात छोटे युद्धच झाले. मुलीचा पाय मुरगळून घोटा सुजला तेव्हा आजी तेल गरम करून चोळायला बसली, आणि मुलगी पाय आखडून घेत सांगू लागली की पहिले दोन दिवस चोळायचे नाही, बर्फ कापडात गुंडाळून धरायचा आणि पाय उंच ठेवायचा, नियम आहे. बर्फ आणायचा कुठून? शेवटी कुल्फीवाल्याकडून पाच रुपयांचा आणला. आजीने तेलाची वाटी आठवडाभर उशाशी तशीच ठेवली होती. डॉक्टरांनी सांगेपर्यंत मैदानात घेतले जात नाही, हेही पाळले गेले. अकराव्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनच ती परत उतरली.

पालकांसाठी दोन कलमे आहेत : सामना चालू असताना रेषेबाहेरून सूचना द्यायच्या नाहीत, आणि निवडीबद्दल किंवा खेळवण्या-न खेळवण्याबद्दल त्याच दिवशी सरांशी बोलायचे नाही, दुसऱ्या दिवशी यायचे. पहिले मी दोन वेळा मोडले. मुलगी खुंटाजवळ अडकली की तोंडातून निघतेच. दुसऱ्या वेळी तिने सामना थांबला असताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी जाऊन उसाच्या रसाच्या गाडीमागे उभा राहिलो आणि बाकीचा सामना रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात ऐकला.

किरकोळ बाबी : जर्सीचे ६५० रुपये वेगळे घेतले, आणि कापड असे की घामाने अंगाला चिकटते, दुसऱ्या धुण्यात पाठीवरचा आकडा उकलला. मैदान मुरूम टाकून दाबलेले असल्यामुळे पावसाळ्यातही आठवड्यातले चार दिवस तरी खेळता येते, हे आमच्या काळ्या रानाच्या मुलखात मोठेच सुख आहे. जन्मदाखल्याची मूळ प्रत पाहिल्याशिवाय प्रवेश नाही आणि वय लपवल्याचे कळले तर त्या वर्षापुरता मुलगा बाहेर. हे कडक आहे आणि योग्य आहे. मध्येच वर्ग सोडल्यास तीन महिन्यांच्या फीतला पैसाही परत मिळत नाही. एका मजूर कुटुंबाने दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडले तेव्हा त्यांचे पाचशे रुपये असेच राहिले. नियमात बसते, मनात बसत नाही.

यंदाची फी भरण्याआधी मी तो जुना कागद घेऊन सरांकडे गेलो. पाठीमागच्या कोऱ्या जागेत मी चार ओळी लिहून नेल्या होत्या : वजन उतरवण्यासाठी कोणत्याही मुलाचे अन्नपाणी तोडले जाणार नाही, स्पर्शाचे कलम सामन्याला लागू आहे की नाही ते स्पष्ट असावे, सोंगणी-वेचणीच्या दिवसांतली आधी कळवलेली गैरहजेरी निवडीच्या हिशेबात धरू नये, गाडीच्या मुलांना सव्वासहाला सोडावे. खाली तिसऱ्या सहीसाठी रेघ मारली होती. सरांनी वाचले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “भाऊ, तिसऱ्या ओळीसाठी मला मंडळापुढे जावे लागेल, बाकी तीन मी आत्ता करतो.” तिसरी ओळ त्यांनी कंसात घेतली, बाजूला ‘विचाराधीन’ असे लिहिले, आणि रेघेवर सही केली. नवीन छापील कागदात पहिली आणि चौथी ओळ आली आहे. स्पर्शाच्या कलमात ‘सरावात’ हा एक शब्द वाढला आहे. तो वाचून मुलगी म्हणाली, “मग सामन्यात काय?” मी तिला सांगितले की सरांना फोन करून विचार.

तिमाहीचे ७५० रुपये भरले. पावती मिळाली, तिच्यावर तारीख नव्हती, ती टाकून घेतली.